करंट लागला नाही, तरी भाजलं

आमच्या बेळगावात आनंदाची बातमी पेढ्यानं नाही, कुंद्यानं सांगायची. परवा रविवारी माझी थोरली बहीण कुंद्याचा डबा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच ओळखलं की भाच्याचं काम झालं. पोरानं आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केला आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्याला अप्रेंटिस म्हणून घेतलं. तिच्या घरातला 'कंपनीत' जाणारा हा पहिलाच. बहिणीच्या बोलण्याला नुसता ऊत आला होता.

डब्याबरोबर एक पिशवीही होती. त्यात निळ्या टेरिकॉटचे शर्ट-पँटचे दोन जोड, शिंप्याकडून नुकतेच आलेले. "इस्त्री मोडत नाही, धुतलं की दोन तासांत वाळतं. आपल्या पावसाळ्यात हेच बरं," असं म्हणत तिनं ते सोफ्यावर पसरले.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्या दिवशी आमच्याकडेच होता. माझी सासुरवाडी धारवाडकडची. घरात आमची भाषा म्हणजे भेळ. एका वाक्याची सुरुवात मराठीत, शेवट कन्नडमध्ये. मेव्हणा मला 'भाव' म्हणतो. कन्नडमध्ये बहिणीचा नवरा तो भाव, आणि आमच्या शेजाऱ्यांना वाटतं तो मला 'भाऊ' म्हणतो. दोन्ही खरंच आहे. त्यानं शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळून बघितली आणि हळूच म्हणाला, "अक्का, हे कापड नको. सुती घ्या. आतलं बनियनसुद्धा सुतीच बघा."

बहिणीच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, पण तिची नजर त्याच्या बोटांवर गेली आणि ती गप्प झाली. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. पेला धरताना ती बाहेरच राहतात. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण का वळत नाहीत हे भाच्याला नीट माहीत नव्हतं. ते घडलं तेव्हा तो चार-पाच वर्षांचा होता. "मामांना शॉक बसला होता," एवढंच त्याला कुणीतरी सांगितलेलं.

शॉक बसलाच नव्हता. इतकी वर्षं मी या सदरात सणवार, पुस्तकं, मुलांच्या परीक्षा, सासू-सुनांची भांडणं, सगळ्यांवर लिहिलं. यावर एक ओळ लिहिली नाही. कारण सांगायचं तर त्या दिवसात थोडा माझाही वाटा होता.

२००९ सालची गोष्ट. गणेश चतुर्थी २३ ऑगस्टला रविवारी होती, म्हणजे आदला दिवस शनिवार. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मेव्हणा इलेक्ट्रिशियन, नोकरीच्या शोधात आमच्याकडे आलेला, आणि मीच एका ओळखीच्या गृहस्थांना सांगून त्याला एका फाउंड्रीत चिकटवलं होतं. त्या दिवशी पाच वाजता मूर्ती आणायला जायचं ठरलं होतं. पावणेपाचला मी त्याला फोन केला. "अरे, किती उशीर? गर्दी व्हायच्या आत निघूया." तो म्हणाला, "भाव, दहा मिनिटं. एक लग टाइट करायचं राहिलंय, तेवढं करतो आणि सुटतो." मी म्हणालो, "आटप लवकर."

हे 'आटप लवकर' अजून माझ्या कानात आहे. त्याला घाई करणारा मी एकटा नव्हतो, हे मला नंतर कळलं. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या केबलचा पॅनेलमधला एक लग गरम होऊन वास येत होता. लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची टोपी. ती बोल्टनं कसलेली असते. बोल्ट ढिला झाला की तिथं उष्णता. आवळायचं म्हणजे मेन ब्रेकर पाडायला हवा. पण त्याच पॅनेलवर बाकीची खातीही होती, भट्टीत लोखंड वितळलेलं होतं, हीट तयार होती, आणि सणाच्या आधी माल जायचा होता. सुपरवायझर म्हणाला, "पाच मिनिटांचं काम, मेन कशाला पाडतोस? चालूवरच कर." मेव्हण्यानंही 'नाही' म्हटलं नाही. त्यानं याआधी वीस वेळा तसं केलं होतं. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली, पायाखाली रबरी मॅट होतीच, आणि त्यानं दार उघडलं.

पाना सटकला आणि दोन फेजच्या पट्ट्यांवर आडवा पडला. पुढचं त्याला एवढंच आठवतं की सगळं पांढरं झालं, आणि मग काही ऐकू येईना.

इस्पितळात डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगावर करंट शिरल्याची आणि बाहेर पडल्याची खूण असते, ती शोधली. सापडली नाही. हृदय ठीक, आत काही इजा नाही. पण दोन्ही हात, मनगटं, गळा आणि हनुवटी भाजलेली, आणि कातडीत तांब्याचे बारीक कण रुतलेले. रात्री धारवाडहून सासूबाई आल्या. पोराला बघितलं, रडल्या, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "करंट हिडदिल्लंद्र, सुट्टिद्दु ह्यांग?" करंटनं धरलंच नाही, तर भाजलं कसं?

मी मराठी शिकवणारा माणूस. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पॉलिटेक्निकमध्ये वीज विषय शिकवणाऱ्या एका मित्राला गाठलं. त्यानं मला आधी एक गोष्ट आठवायला सांगितली: जुन्या टॉकीजमधली प्रोजेक्टरची खोली. पूर्वी त्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या असत. त्या एकमेकींना टेकवून किंचित दूर केल्या की मधल्या हवेतून वीज वाहू लागायची आणि डोळे दिपवणारा उजेड पडायचा. ऑपरेटर तो उजेड काळ्या काचेतूनच बघायचा. त्या उजेडाला म्हणतात आर्क. आपल्या गल्लीतला वेल्डिंगवाला करतो तेही हेच. म्हणून तर आपण पोरांना "तिकडं बघू नको" म्हणून ओढतो. हवा एरवी विजेला वाट देत नाही, पण एकदा ठिणगी पडून ती पुरेशी तापली की तीच तार बनते.

मग त्यानं मला आकडे सांगितले, आणि ते मी डायरीत लिहून ठेवले. घरचा मिक्सर दोन-अडीच अँपियर घेतो. गीझर नऊ ते तेरा. वेल्डिंगचा आर्क साधारण शे-दीडशे अँपियरचा. आता एखाद्या मध्यम कारखान्यातला ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्ण लोडला तो साडेसहाशेच्या आसपास अँपियर देतो. पण त्याच्या जवळच्या पॅनेलमध्ये दोन पट्ट्या थेट जोडल्या गेल्या, तर त्यातून सुमारे १५ हजार अँपियर धावू शकतात. म्हणजे वेल्डिंगवाल्याच्या आर्कच्या शंभरपट, आणि तोही लोखंडी कपाटात कोंडलेला. कपाटाचं दार उघडं, आणि दारात आपला माणूस.

अशा आर्कच्या गाभ्यात तापमान १९ हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजार. तांबं १०८५ अंशाला वितळतं, अडीच हजारांच्या वर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते हजारो पटींनी फुगतं. तो धाडकन आवाज येतो तो या फुगण्याचा. त्या दाबानं माणूस मागे फेकला जातो, कानाचे पडदे फाटतात, वितळलेलं तांबं शिंतोड्यासारखं अंगावर येतं. यातल्या कशासाठीही हात लागावा लागत नाही. इंग्रजीत याला आर्क फ्लॅश म्हणतात. आपल्याकडचे वायरमन 'फ्लॅश झाला' किंवा 'भडका उडाला' म्हणतात, आणि वर्तमानपत्रं सरसकट 'शॉर्टसर्किट' लिहून मोकळी होतात. सासूबाईंना मी कन्नडमधलाच शब्द वापरून सांगितलं: "अम्मा, पॅनेलमध्ये मिंचु झाला." मिंचु म्हणजे वीज, पण आभाळातली. त्यांना लगेच कळलं.

गंमत म्हणजे शिकलेल्यांनाही हे फार उशिरा कळलं. शॉकचा अभ्यास किती आधीपासून चालला होता. पण फ्लॅशमुळे किती अंतरावरचा माणूस किती भाजेल, याचं गणित राल्फ ली नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९८२ साली मांडलं. 'विजेचा दुसरा धोका' अशा अर्थाचंच त्याच्या निबंधाचं नाव होतं. त्यावरून पुढे नियम, कोष्टकं, कपडे तयार होत गेले. गणिताची सविस्तर पद्धत २००२ मध्ये आली आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर १.२ कॅलरी इतकी उष्णता पडली की फोड येण्याइतकं भाजतं, हा त्यातला पायाचा आकडा. लायटरच्या ज्योतीवर बोट सेकंदभर धरलं तर साधारण तेवढं होतं म्हणतात. पॅनेलमधल्या भडक्यात याच्या दहापट, वीसपट उष्णता सेकंदाच्या काही भागात अंगावर येऊ शकते.

मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते वेळेच्या हिशेबानं. फ्लॅश किती वेळ टिकतो त्यावर सगळं आहे. वेळ दुप्पट तर भाजणं दुप्पट. चांगला एचआरसी फ्यूज मोठा करंट सेकंदाच्या शंभराव्या भागात तोडू शकतो. ब्रेकर नीट लावलेला असेल तर त्याहून थोडा जास्त वेळ. मेव्हण्याच्या कारखान्यात काय झालं होतं? मेन ब्रेकर वरचेवर पडतो, काम खोळंबतं, म्हणून कुणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवलं होतं. जो भडका डोळ्याची पापणी लवायच्या आत विझायचा, तो जळत राहिला.

आणि आपण कारखान्याला नावं ठेवायला नको. माझे वडील घरच्या कटआउटमध्ये फ्यूज उडाला की त्याच्या जागी जाड तार घालायचे, आणि वर अभिमानानं सांगायचे, "आता बघ कसा उडतो ते!" वडगाव-शहापूरकडे ज्यांच्या घरात माग चालतात त्यांनी आपापल्या कटआउट एकदा उघडून बघाव्यात, म्हणजे अर्थात मेन पाडून. फ्यूज हा बिचारा आपल्यासाठी मरायला बसलेला असतो. त्याला अमर करून आपण काय मिळवतो? आणि घरात ईएलसीबी बसवलंय म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. ते यंत्र जमिनीकडे गळणारा करंट पकडतं. त्यानं शॉकपासून जीव वाचतात, ते हवंच. पण दोन फेजच्या मध्ये भडका उडाला, तर त्यातलं जमिनीकडे काहीच जात नाही, मग त्याला कळणार कसं?

रबरी मॅटचंही तेच. ती शॉकसाठी. टेप गुंडाळलेला पाना, रबरी हातमोजे, रबरी बूट, हे सगळं हात लागला तर काय, या प्रश्नाचं उत्तर आहे. फ्लॅशपुढे मॅट म्हणजे उन्हात पायाखाली छत्री. त्या दिवशी मेव्हण्याच्या पायाखालची मॅट जशीच्या तशी होती, हे त्याच्या साथीदारानं मला नंतर सांगितलं.

आता कापडाचं सांगतो, कारण तिथंच घरच्या माणसांचा संबंध येतो. मेव्हण्याच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असतं, आणि पॉलिस्टर नुसतं जळत नाही, वितळतं. वितळून कातडीला चिकटतं आणि चिकटून राहून भाजत राहतं. गळ्याशी कॉलरखाली आणि मनगटाशी कफखाली त्याच्या जखमा सगळ्यांत खोल होत्या. छातीवर मात्र शर्टाच्या आत जाडसर सुती बनियन होतं. तिथं फक्त लाल झालं होतं. ड्रेसिंग बदलताना त्या बनियनच्या काठाची रेघ स्पष्ट दिसायची, वर भाजलेलं, खाली शाबूत. ते बनियन माझ्या बायकोनं शनिवारच्या बाजारातून आणलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून.

सुती कापड म्हणजे चिलखत नव्हे, हेही सांगायला हवं. मोठ्या भडक्यात सुती कपडाही पेट घेतो. ज्यांना मोठ्या पॅनेलवर काम करावं लागतं त्यांच्यासाठी वेगळ्या प्रकारचं, आपण होऊन न जळणारं कापड मिळतं, तोंड झाकणारी ढाल मिळते, डोक्यापासून खालपर्यंतचे सूट मिळतात, आणि त्यावर ते किती कॅलरी सोसतात तो आकडा छापलेला असतो, ८, ४० असा. ते देणं कारखान्याचं काम आहे, आईचं नाही. पण ते मिळेपर्यंत, किंवा मिळत नसेल तर, निदान वितळणारं काही अंगात नको. थंडीत आपण मुलांना नायलॉनची जाकिटं घेऊन देतो, तीही तिथं नकोत.

अंगठीचीही गोष्ट तीच. साखरपुड्यात आलेली सोन्याची अंगठी मेव्हण्याच्या बोटात होती. हात सुजत गेला आणि अंगठी रुतत गेली. शेवटी ती कापावी लागली. जे बोट आज वळत नाही ते तेच. जावयाला अंगठी, भाच्याला कडं, गळ्यात साखळी, आपल्याकडे हे सगळं प्रेमानं घातलं जातं आणि काढायला सांगितलं तर अपशकुन वाटतो. सोनं आणि चांदी तांब्याइतकीच उत्तम वाहक आहेत, हे आपल्या आयाबहिणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

परवा भाचा हे ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "पण मामा, आमचे सर तर हाताच्या उलट्या बाजूनं करंट बघायचे. भीती गेली पाहिजे म्हणायचे." मेव्हणा हसला. आमच्या पिढीतल्या प्रत्येक वायरमननं असा एक उस्ताद बघितलेला असतो. जो मेन न पाडता काम करतो तो मोठा कारागीर, आणि जो पाडतो तो भित्रा, अशी ती शाळा. मेव्हणाही त्यातलाच होता.

"चालूवर काम करायचंच नाही," मेव्हणा त्याला सांगू लागला, आणि मग बराच वेळ ते दोघेच बोलत होते. मी ऐकत होतो. मेन पाडणं ही नुसती सुरुवात. पाडल्यावर त्याला कुलूप घालायचं, आपलं स्वतःचं, आणि किल्ली आपल्या खिशात. त्यावर चिठ्ठी: कोण काम करतंय, कधीपासून. नाहीतर दुसऱ्या खात्यातला माणूस येतो, "अरे, हे कुणी पाडलं?" म्हणतो आणि वर करतो. केईबीतले (म्हणजे हेस्कॉम हो, पण आपल्याकडे २००२ नंतरही ती केईबीच राहिली) लाइनमन खांबावर चढण्याआधी 'एलसी' घेतात, लाइन क्लिअर. ती पद्धत कारखान्याच्या आतही हवी. मग कुलूप घातल्यावर लगेच हात घालायचा नाही. टेस्टर आधी जिथं करंट आहे अशा जागी लावून बघायचा, मग काम करायच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. कारण दिवा लागला नाही याचा अर्थ करंट नाही असाही होतो आणि टेस्टर बिघडलाय असाही होतो. त्यातही कपॅसिटर असेल तर मेन पाडल्यावरही तो वीज धरून बसतो, थांबावं लागतं. आणि आपल्याकडे सगळ्यांत मोठा धोका जनरेटरचा. इकडे मेन पाडला की तिकडे जनरेटरला वाटतं लाइट गेली. तो आपला इमानानं चालू होतो आणि मागून सप्लाय देतो!

करंट आहे का हे बघायला चालू पॅनेलचं दार उघडावं लागतं, तेव्हा काय? तेव्हाच अंगावर ते सूट आणि ढाल हवी. ब्रेकर वर-खाली करतानाही दार बंद ठेवून, समोर उभं न राहता कडेला उभं राहून, तोंड फिरवून करायचं. दोन पावलं लांब असण्यानंसुद्धा पुष्कळ फरक पडतो.

भडका उडायला दरवेळी पाना सटकायलाच हवा असं नाही. पॅनेलच्या खालच्या भोकातून शिरलेला उंदीर, पट्टीवर चढलेली पाल, फाउंड्रीतली काळी धूळ (तीत लोखंड आणि कोळशाचे कण असतात, म्हणजे तीसुद्धा वीज वाहते), मागांच्या शेडमधला कापसाचा तूस, आणि आपला पाऊस. जुलैमध्ये बेळगावच्या हवेत पापड सादळतात, तर पॅनेल का नाही सादळणार? ढिले बोल्ट तर आहेतच. ज्या लगसाठी हे सगळं झालं, तो वर्षातून दोनदा सुट्टीच्या दिवशी मेन पाडून आवळला असता तर गरमच झाला नसता. पाहायला गेलं तर एवढीच गोष्ट होती.

पॅनेलवर कवटी आणि दोन हाडांची लाल पाटी असते. १९५६ च्या वीज नियमांतच लिहिलं होतं की ही सूचना हिंदी किंवा इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या भाषेत असावी. २०१० च्या नियमांतही ते आलं. आपल्या जिल्ह्यात पाटीची भाषा म्हटली की लोक बाह्या सरसावतात, तो वाद मी इथं काढत नाही. एवढंच सांगतो, की कन्नडमध्ये धोक्याला शब्द आहे 'अपाय'. मराठीतही अपाय आहे, आणि दोन्हीकडे उपायही तोच. पण भाच्याच्या कारखान्यात ओडिशाची आणि बिहारची मुलं आहेत. त्यांना नवा माणूस म्हणून नीट सांगतो कोण? पाटी वाचून कुणी थांबत नाही. मेव्हण्याच्या पॅनेलवरही होती. भडक्यानं तिचा रंग उडाला होता.

कुणाच्या घरावर अशी वेळ आलीच, तर दोन-तीन गोष्टी. आधी सप्लाय तोडायचा, मग माणसाजवळ जायचं. भाजलेल्या भागावर साधं गार, वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद-तूप नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. अंगठी, घड्याळ, कडं सूज यायच्या आत काढायचं. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. आणि बाहेरून बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. डोळे, कान आणि छाती बघून घ्यायची, कारण ती गरम वाफ श्वासात गेलेली असते. आमच्याकडे त्या दिवशी साथीदारांनी मेव्हण्याच्या हातावर कसलंसं निळं औषध ओतलं होतं. ते धुऊन काढतानाच त्याचा जीव गेल्यासारखा झाला.

दोन महिने ड्रेसिंग, मांडीची कातडी काढून हातावर लावली, मग वर्षभर रबरी चेंडू दाबत बसायचं. साखरपुडा मोडला नाही, हे त्या मुलीचे उपकार. पॅनेलच्या कामाला तो परत गेला नाही. आज त्याचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे आणि बरं चाललंय. त्या वर्षी गणपती आम्ही आणला तो रात्री साडेदहाला, शेजाऱ्यांच्या पोरांना पाठवून. मी इस्पितळाच्या बाकावर होतो. माझ्या फोनबद्दल मी त्याला कितीतरी वर्षांनी बोललो. तो म्हणाला, "भाव, तुम्ही फोन केला नसता तरी मी तेच केलं असतं." असेलही. पण मी 'सावकाश ये' म्हणालो असतो तर, हा प्रश्न माझ्याकडे राहिलाच.

टेरिकॉटचे जोड बहिणीनं दुसऱ्या दिवशी धाकट्या दिराला देऊन टाकले आणि जाड सुती कापड आणलं. "इस्त्रीला वेळ लागतो," अशी तक्रार तिनं फोनवर केली, पण केली ती मला, पोराला नाही. मेव्हण्यानं भाच्याला एक लाल कुलूप घेऊन दिलं. चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेतल्या, मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत. कन्नड अक्षर माझ्या बायकोचं, माझं वाचता येत नाही म्हणे.

नोकरीला तीन आठवडे झालेत. गेल्या बुधवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याला एका पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर बदलायला सांगितलं, तो म्हणाला मेन पाडून करतो, सुपरवायझर म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे. तेच शब्द. पोरानं "सर, मग उद्या टिफिनच्या सुट्टीत करतो," असं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला दिवे बदलायच्या कामावर घातलंय. बाकीची पोरं कुलपावरून हसतात. बहिणीला काळजी की अशानं पुढे कायम करतील का नाही. मी काय सांगणार? नोकरी मी लावलेली नाही या वेळी, तरी उत्तर माझ्याकडेच मागतात.

मी फोन मेव्हण्याकडे दिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टिफिनच्या सुट्टीत कॉन्टॅक्टर कुणी बदलला?"

दुसऱ्या अप्रेंटिसनं. मेन पाडून. भाच्याचं कुलूप मागून घेऊन.

परवा मेव्हणा खडेबाजारात गेला होता, तेव्हा आणखी दोन कुलपं घेऊन आला.